वाचकांचे प्रश्न : पाठ केलेले येते, नवे येत नाही

प्रश्न : माझी 11 वर्षांची मुलगी 4 वर्षांपासून हार्मोनियम शिकते. पाठ केलेल्या बंदिशी ती सफाईने वाजवते. परंतु नवे नोटेशन समोर आले की अडखळते, आणि ‘तुझ्या मनाने दोन आलाप घे’ असे गुरुजींनी म्हटले की गप्प बसून राहते. काय करावे?
– एक पालक, सांगली

उत्तर : आपल्या मुलीत काही उणीव आहे, असे मला मुळीच वाटत नाही. परीक्षेसाठी वर्षभर मोजकेच पाठ घोटून घेतले जातात, तेव्हा अनोळखी ओळ वाचण्याची किंवा स्वतःचे काही वाजवण्याची वेळच मुलांवर येत नाही.

वाचनासाठी, तिच्या आजच्या तयारीपेक्षा बरेच सोपे पण कधीही न वाजवलेले एक सरगमगीत, म्हणजे केवळ स्वरांच्या नावांनी बांधलेले गीत, रोज घ्यावे. भाता उघडण्यापूर्वी हाताने ताल धरून ते स्वरांच्या नावांनी म्हणावे, कोमल स्वरांखालच्या आडव्या रेघा आधीच हेरून ठेवाव्यात, आणि मग अगदी संथ लयीत वाजवावे. वाजवून होत आलेला विभाग, म्हणजे तालातला मात्रांचा गट, आपण शेजारी बसून पोस्टकार्डाने झाकत गेलात, तर तिची नजर आपोआप पुढच्या विभागाकडे जाईल. स्वर चुकला तरी तिने मागे फिरू नये. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, मात्र चुकवू नये. चूक दुरुस्त करण्यासाठी थांबण्याची सवयच वाचनाच्या आड येते.

‘मनाने वाजव’ एवढेच सांगितले तर मूल बावरते, म्हणून आरंभी मोकळीक थोडीच द्यावी. भूप रागातले सा, रे, ग हे तीनच स्वर घेऊन गुरुजींनी 4 मात्रांचा एक तुकडा वाजवावा आणि तिने 4 मात्रांतच उत्तर द्यावे. ते जमू लागले की 16 मात्रांच्या त्रितालात खालीपासून, म्हणजे 9व्या मात्रेपासून, ‘ग रे सा’ मात्रेला एक स्वर असे सलग तीनदा वाजवायला सांगावे. तिसरा ‘सा’ नेमका समेवर पडतो आणि तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, कशी बसते, हे तिला बोटांनीच कळते. मग हे तीन स्वर तिने आपल्या मनाने बदलावेत.

ऐकणेही तितकेच गरजेचे आहे, आणि त्यासाठी मिरज आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ तेथील दर्ग्यात उरुसाच्या वेळी संगीतसभा होते. तिला तिथे पुढे बसवा, मांडीवर ताल धरू द्या, आणि दुसऱ्या दिवशी लक्षात राहिलेली एखादीच जागा, म्हणजे छोटी स्वराकृती, पेटीवर शोधायला सांगा.