आधी पोहोचलेले शुक्राणू कामाचे नसतात

प्रश्न : वळू गाईवर चढल्यानंतर काही मिनिटांतच शुक्राणू अंडनलिकेत पोहोचतात, असे वाचले. मग माज दिसताच गाय भरवण्याऐवजी (रेतन करून घेण्याऐवजी) बारा तास थांबायला का सांगतात? शिवाय वळू एका वेळी काही अब्ज शुक्राणू सोडत असताना कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याच्या कांडीतील सुमारे २ कोटी कसे पुरतात?

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे, पण अर्धेच. इतक्या लवकर पोहोचणारे शुक्राणू पोहत जात नाहीत. गर्भाशयाच्या आकुंचनांमुळे ते पुढे ढकलले जातात आणि त्यांतील बहुतेक मृत किंवा इजा झालेले असतात. फलनाच्या उपयोगी पडणारे शुक्राणू मागाहून, सहा-आठ तास किंवा त्याहूनही अधिक वेळ घेत येतात. अंडनलिकेच्या गर्भाशयाकडील अरुंद भागात ते आतील पेशींना डोक्याने चिकटून थांबतात आणि बीज (मादीचे अंडे) सुटण्याच्या सुमारास थोडेथोडे मोकळे होऊन पुढच्या रुंद भागात बीजाला गाठतात.

हे थांबणे वाया जात नाही. ताजा शुक्राणू बीजात शिरूच शकत नाही. मादीच्या जननमार्गात काही तास राहिल्यावरच त्याच्या आवरणात आवश्यक ते बदल होतात. चँग आणि ऑस्टिन या शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये हे स्वतंत्रपणे दाखवून दिले.

आता वेळेचे गणित पाहू. गाईचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो आणि तो संपल्यावर १० ते १२ तासांनी बीज सुटते. शुक्राणू सुमारे २४ ते ३० तास फलनक्षम राहतात, बीज मात्र जेमतेम १० ते १२ तास. म्हणून फार लवकर भरवल्यास बीज येईपर्यंत शुक्राणू थकलेले असतात, तर फार उशीर केल्यास बीज शिळे होते आणि फलन झाले तरी गर्भ टिकण्याची शक्यता घटते. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवावी, हा नियम यातूनच आला. मात्र तास मोजायचे ते माज सुरू झाल्यापासून, आपल्या नजरेस पडल्यापासून नव्हे. रात्रीच माजावर आलेली गाय सकाळी दिसली आणि आणखी बारा तास थांबलो, तर नियम पाळूनही ती उलटू शकते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येऊ शकते.

संख्येचे कोडे जागेच्या फरकाने सुटते. वळू वीर्य योनिमार्गात सोडतो. तेथून गर्भाशयमुखाच्या घड्या आणि चिकट स्राव ओलांडताना बहुसंख्य शुक्राणू मागे पडतात. कित्येक सोटाबरोबर (माजातील चिकट स्रावाबरोबर) बाहेर वाहून जातात, कित्येकांना पांढऱ्या पेशी गिळतात. कृत्रिम रेतनात हा अडथळा नळीनेच पार केला जातो आणि वीर्य गर्भाशयमुखाच्या लगेच पुढे, गर्भाशयात सोडले जाते, म्हणून थोडके शुक्राणू पुरतात. मेंढीचे गर्भाशयमुख इतके वेडेवाकडे असते की नळी सहसा आरपार जातच नाही. गाईतही नळी गर्भाशयमुखातच अडकली आणि तेथेच वीर्य सोडले गेले, तर त्या २ कोटींतील मोठा वाटा उलट वाहून येतो.