‘युनिकोड फॉन्ट’ म्हणावे का?

एका दिवाळी अंकाच्या आवाहनात ‘लेख युनिकोड फॉन्टमध्येच पाठवावेत’ असे वाक्य होते. त्यावर विचारणा अशी आहे की, युनिकोड नावाचा फॉन्ट कोठे मिळतो आणि ‘मंगल कीबोर्ड’वर टाइप केलेला लेख चालेल का. या प्रश्नात तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे; ‘ल’ हे एकच अक्षर घेऊन त्या वेगळ्या करून पाहू.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे जगातील लिप्यांसाठी ठरवून देणारा तक्ता म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. देवनागरीसाठी त्यात २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा असून ‘ल’चा आकडा २३५४ आणि ‘ळ’चा २३५५ आहे. तो आकडा पाहून पडद्यावर जी आकृती उमटते, तशा आकृत्यांचा संच म्हणजे फॉन्ट, अर्थात टंक. आणि कोणती कळ दाबली असता कोणते अक्षर यावे, हे ठरवते ती कळफलकाची मांडणी. इनस्क्रिप्ट मांडणीत ‘ल’ रोमन एनच्या कळीवर आहे, उच्चारानुसारी मांडणीत तो एलच्या कळीवर असतो. पण फाइलीत दोन्ही वेळा २३५४च जातो. मंगल हा फॉन्ट आहे, मांडणी नव्हे.

हा घोळ लोकांच्या अज्ञानातून झाला, असे मात्र मला वाटत नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. त्यात ‘मराठी’ हा शब्द लिहिला की फाइलीत प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढेच साठत असे, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तेच दिसे. त्या फाइलीत आज ‘मराठी’ हा शब्द शोधला तर तो सापडत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे अशा फायली हाताळल्या, त्यांच्या दृष्टीने फॉन्ट बदलणे म्हणजे मजकूरच जाणे होते, आणि म्हणून ‘कोणत्या फॉन्टमध्ये आहे?’ हा त्या काळी अगदी रास्त प्रश्न होता.

‘युनिकोड फॉन्ट’ हा प्रयोग सर्वस्वी चुकीचा नाही. युनिकोडचे आकडे पाळणारा फॉन्ट, एवढ्या अर्थाने तो चालू शकेल. तरीही आवाहनात ‘लेख युनिकोडमध्ये टंकलेला असावा, फॉन्ट कोणताही चालेल’ असे लिहावे, कारण संपादकाला हवे असते ते अक्षरांचे संकेतन, म्हणजे त्यांचे ठरलेले आकडे, त्यांचे रूप नव्हे.

रूपाचा प्रश्न खरोखर येतो तो ‘मराठी फॉन्ट’ आणि ‘देवनागरी फॉन्ट’ यांत. हिंदी वळणाच्या ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो, मराठी वळणात मधोमध देठ आणि दोन्ही अंगांना पाकळ्या असतात. दोन्हींचा आकडा २३५४च असल्यामुळे हा फरक युनिकोड राखत नाही, तो फॉन्टलाच राखावा लागतो. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की आपले वळण येते. तेव्हा ‘मराठी फॉन्ट’ हा शब्द ज्यात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मिळतात अशाच फॉन्टसाठी राखून ठेवावा आणि बाकीच्यांना देवनागरी फॉन्ट म्हणावे.