किंडल घेतलंस ना, मग हे वाच

अरे, किंडलवर (अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) 'बाय नाऊ' दाबलं म्हणजे पुस्तक आपलं झालं असं समजू नकोस, मिळतं ते फक्त वाचायचं लायसन्स. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून ऑर्वेलचं '१९८४' परस्पर उडवलं (हो, ज्यात सरकार नको ते कागद नष्ट करतं, नेमकी तीच कादंबरी!), विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणे, पैसे परत दिले पण एका शाळकरी पोराच्या नोट्स वाया गेल्या आणि त्याने सरळ कोर्टात खेचलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ ला ई-पुस्तकांचं दुकानच गुंडाळलं, पुस्तकं गायब, रिफंड घ्या. २०२५ च्या फेब्रुवारीत किंडलची फाइल कॉम्प्युटरवर उतरवायची सोयही गेली. मी टाइमपासचं तेवढं सेलमध्ये किंडलवर घेतो, परत परत लागणारं कागदावर, नाहीतर डीआरएम (कॉपी करू न देणारं डिजिटल कुलूप) नसलेलं ईपब (ई-पुस्तकाची फाइल) मिळालं तर तेच, आणि त्याची कॉपी लगेच हार्डडिस्कवर टाकतो.