लातूरच्या भावाला आईची किडनी बसवायची आहे. सोबत आईचा बोन मॅरोही (हाडांतला मगज) दिला तर शरीराने किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या आयुष्यभराच्या गोळ्या टळतील का?

काही मोजक्या रुग्णांच्या टळल्या आहेत, पण तुमच्या भावाला गोळ्या लागणारच असं धरूनच तयारी करा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने 2008 मध्ये अशा 5 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. दाते जवळच्या नात्यातले, टिश्यूची जुळणी अर्धीच, म्हणजे आई-मुलासारखी. चौघांच्या गोळ्या बंद झाल्या, एकाची किडनी मात्र शरीराने नाकारली. यामागचं तत्त्व असं: आपली प्रतिकारशक्ती मॅरोत तयार होते. दात्याच्या मॅरोच्या पेशी काही काळ जरी रुग्णाच्या पेशींसोबत नांदल्या, तरी शरीर त्या किडनीला परकं समजणं सोडू शकतं. पण त्या पेशींना जागा करून द्यायला आधी केमोसारखी जड औषधं किंवा रेडिएशन द्यावं लागतं. त्यात जंतुसंसर्गाचा धोका मोठा, आणि कधी दात्याच्या पेशीच रुग्णाच्या शरीरावर उलटतात. म्हणूनच हे अजून नेहमीच्या उपचारात आलेलं नाही.

मी संभाजीनगरात डायलिसिस विभागात काम करते. किडनी बसवलेले, फॉलोअपला येणारे आमचे पेशंट सकाळी आठची टॅक्रोलिमस (याच गोळ्यांपैकी एक) एसटीतच, घड्याळ बघून घेतात. ती शिस्त खरंच किडनी वाचवते. गोळ्या कमी करायच्या की नाही हे नेफ्रॉलॉजिस्टच (किडनीचे डॉक्टर) ठरवतील. "आता बरं वाटतंय" म्हणून भावाला एकही डोस चुकवू देऊ नका.