लेहच्या हिवाळ्यात एकटं राहताना

प्रिय,

जानेवारीत आठ-दहा दिवस लेहमध्येच एकटीनं राहायचं, पँगाँग-नुब्राची धावपळ करायची नाही, हा तुझा बेत मनापासून आवडला. थंडीची भीती तुला सगळेच घालतील. रात्री पारा उणे १५ च्या खाली जातो, हे खरंच आहे. पण थंडीला कपडे आहेत. एकट्या माणसाला धोका वेगळाच असतो: उंचीवर तब्येत बिघडली की ते स्वतःला सर्वांत उशिरा कळतं, आणि ओळखणारं शेजारी कोणी नसतं.

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. पहिले ४८ तास घराबाहेर पडू नकोस, जिनासुद्धा सावकाश चढ. दारू नको, आणि झोपेची गोळी तर मुळीच नको. ती श्वास मंदावते. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची असेल तर निघण्याच्या आदल्या दिवसापासून, सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पण डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांना आधी सांग. या गोळीनं बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त लागते. त्यानं घाबरू नकोस.

रात्री श्वास क्षणभर थांबून दचकून जाग येईल. उठून बसल्यावर तो नीट लागला, तर हा उंचीवरचा नेहमीचा प्रकार समज. बसूनही धाप राहिली किंवा खोकला सुरू झाला, तर उजाडायची वाट पाहू नकोस. ज्यांच्या घरी उतरशील त्यांना उठव आणि सोनम नोर्बू मेमोरियल हॉस्पिटल गाठ. ते गावातच आहे.

सकाळच्या डोकेदुखीकडे नीट लक्ष दे, कारण तिची कारणं तीन असतात आणि तिन्ही सारखीच भासतात. पाणी कमी पडलं असेल तर दोन पेले कोमट पाणी पिऊन तासाभरात उतार पडतो. बुखारीचा, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीचा, धूर खोलीत कोंडला असेल तर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतं. मग त्या खोलीत पुन्हा तशीच झोपू नकोस. म्हणूनच बुखारी पेटलेली असताना खिडकी चार बोटं उघडी ठेवायची आणि झोपण्याआधी ती विझवायचीच, कितीही गारठा असो. या दोन्हींनी फरक पडला नाही, वर मळमळही आहे, तर ती उंची. त्या दिवशी चढाचं नावही काढू नकोस. रोज सकाळी टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालून पाहा. तोल जात असेल तर थेट हॉस्पिटल.

आणि पहिल्याच दिवशी त्या घरच्या अमा-लेंना, म्हणजे घरातल्या आईंना, सांगून ठेव: आठपर्यंत मी स्वयंपाकघरात दिसले नाही, तर दार वाजवा. एकटेपणात यानं काही उणं येत नाही.

सुरुवातीला भूक नाही, झोप नाही, मन उदास, असं होईल. त्यातलं बरंचसं उंचीचं असतं. म्हणून परत फिरायचं की नाही, हे पहिल्या तीन दिवसांत ठरवू नकोस.

खोली दक्षिणेकडे खिडकी असलेली माग. दिवस खरा दहा ते चार एवढाच. बाहेरची सगळी कामं त्यात बसव. अंघोळ किंवा केस धुणं दुपारी, बादलीभर गरम पाण्यानं, कारण नळ गोठलेले असतात. कोरड्या संडासात पाणी ओतायचं नाही, फावडंभर माती टाकायची. अंगालगत सुती बनियन नको, घाम धरून ते गार पडतं, लोकरी घाल. पायमोज्यांचे दोन घट्ट जोड चढवलेस तर रक्त पोचत नाही, पाय उलट जास्त गारठतात. रात्री स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून दुलईत घे, सकाळी तेच प्यायला होतं. बॉलपेनची शाई गारठून अडते, वहीबरोबर पेन्सिल ठेव. पाणी तिथे ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजत नाही. घरात स्कयू (कणकेच्या गोळ्यांची भाजीतली आमटी) किंवा थुक्पा (शेवयांचं सूप) होईल तेच जेव, आणि लोणी-मिठाचा गुरगुर चहा दोन-तीन दिवस पिऊन मगच मत बनव.

चौथ्या दिवसापासून जुन्या गावातल्या गल्ल्यांतून लडाखचा राजा सेंगे नामग्याल याच्या सतराव्या शतकातल्या नऊमजली राजवाड्यापर्यंत चढ. नामग्याल त्सेमो हा मठ त्याच्याही वर आहे, ते दुसऱ्या दिवसासाठी राख. मणीभिंत, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत, लागली की ती उजव्या हाताला ठेवून पुढे जा. तीच गल्ली रोज त्याच वेळी चाल. असं चालायला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी दुकानदारच आधी ‘जुले’ (लडाखी नमस्कार) म्हणतील, आणि दिवसाला तेवढं बोलणं पुरतं.

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. पोस्टपेड घे आणि घरी रोजची एक वेळ ठरवून फोन कर. परतीचं विमान बहुधा सकाळचंच मिळेल, आणि ढग उतरले की तेही रद्द होतं. दिल्लीहून पुढचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नकोस. दोन दिवस मोकळे ठेव आणि तेवढ्या भाड्याची रोकड वेगळी बांधून ने.

तुझा,
काका