बायको अकरा आठवड्यांची गरोदर आहे, सिगारेट सुटत नाही. एकदम सोडली तर बाळाला त्रास होतो का? तिला कसं समजावू?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही होत. एकदम सोडल्याने त्रास होतो तो आईला. चिडचिड होते, डोकं दुखतं, झोप लागत नाही, भूक भलत्या वेळी लागते. पहिले तीन-चार दिवस वाईट जातात, मग दोन-चार आठवड्यांत ओसरतं. बाळाला यातलं काही होत नाही. 'अचानक बंद केलं तर शरीराला धक्का बसतो, त्यापेक्षा दोन-तीनवर आणा' असं मला एका डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे परत गेले नाही.

दुसऱ्या प्रश्नामुळे मात्र मी हे लिहायला बसले. 'तिला कसं समजावू?' तुम्ही स्वतः ओढता की नाही, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. ओढता असं मी धरून चालते. न ओढणारा नवरा असा प्रश्न विचारतो तेव्हा ते पहिल्या ओळीतच सांगून टाकतो.

माझी गोष्ट सांगते. आमची मुलगी आता पाचवीत आहे, म्हणजे तशी जुनी गोष्ट. आम्ही धनकवडीत, सासू-सासऱ्यांबरोबर राहायचो आणि माझी कंपनी हिंजवडीत. सकाळी बसमधून उतरलं की गेटबाहेरच्या टपरीवर चहा आणि सिगारेट, जेवणानंतर एक, अमेरिकेचा कॉल सुरू व्हायच्या आधी एक, तो संपल्यावर एक, कधी दोन. घरी कधीच नाही. सासरी कुणाला पत्ता नव्हता. नवऱ्याला अर्थातच होता, लग्नाआधी एफसी रोडला आम्ही एकाच पाकिटातून ओढायचो.

दिवस राहिल्याचं कळलं त्या रात्री नवऱ्याने मला समजावायला घेतलं. मोबाईलवर वाचून दाखवलं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे बाळाला मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, वारेकडे, म्हणजे प्लॅसेंटाकडे, रक्त कमी जातं. वार आधीच सुटण्याचा धोका, दिवस भरण्याआधी बाळंतपणाचा धोका. सगळं बरोबर होतं, एक अक्षर चुकीचं नव्हतं. वाचून झालं, मोबाईल खिशात टाकला, आणि खाली जाऊन एक ओढून आला.

मी म्हटलं, तूही सोड. तर म्हणाला, "मी घरात कुठे ओढतो? आणि पोटात बाळ तुझ्या आहे."

तुम्ही हे वाक्य अजून म्हणाला नसाल तर म्हणू नका. म्हणाला असाल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालंच आहे.

समजावण्यासारखं काही शिल्लकच नसतं हो. सिगारेट ओढणाऱ्या गरोदर बाईला ती वाईट आहे हे माहीत नसतं, असं वाटतं का तुम्हाला? पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्र छापलेलं असतं. ती प्रत्येक झुरक्याला मनात वजनकाटा बघत असते. माहिती तिच्याकडे आहे, तलफही तिच्याकडेच आहे. वर तिला अशा घरात राहायचं असतं जिथे रोज संध्याकाळी शर्टाला वास घेऊन कुणीतरी येतं. त्या वासाने माझ्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटायचं. सकाळपासून धरून ठेवलेलं सगळं त्या अर्ध्या मिनिटात जायला बघायचं. नवरा ओढत असेल तर बायकोची सुटायला जड जातं आणि सुटलेली बाळंतपणानंतर परत लागते, हे अभ्यासांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय. मला त्यासाठी अभ्यासाची गरज पडली नव्हती.

आणखी एक गोष्ट नवऱ्यांना ठाऊक नसते. गरोदरपणात शरीर निकोटिनचा निचरा नेहमीपेक्षा बराच लवकर करतं. म्हणजे तलफ लवकर परत येते आणि जास्त जोरात येते. 'आता तर बाळ आहे, आता तरी सुटायला पाहिजे' म्हणणाऱ्यांना हे सांगा. नेमकं याच काळात ते जास्त अवघड असतं.

आता सासूबाई. त्या कोरेगावच्या, सातारा जिल्ह्यातल्या. रोज सकाळी गॅलरीत पाटावर बसून मिशरी लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांवर फिरवत बसायचं. घरात तिला कुणी तंबाखू म्हणायचंच नाही, 'आईंचं दात घासणं' म्हणायचे. मी सिगारेट सोडायला घेतली आणि दुसऱ्याच दिवशी कढईवरून त्यांच्यावर ओरडले. मग सांगूनच टाकलं. वाटलं, आता महाभारत. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "वास यायचा मला तुझ्या ओढणीला. म्हटलं बसमधला असंल." मग विचारलं, "सकाळी उठल्या उठल्या जास्त होतंय ना?"

एवढे दिवस नवऱ्याने मला कार्बन मोनॉक्साइड सांगितला, पण हे विचारलं नव्हतं.

मी त्यांनाही सोडलं नाही, हे कबूल. मिशरीही तंबाखूच आहे. मुंबईत १२१७ गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलाय, न ओढता तंबाखू वापरणाऱ्या बायकांचा, म्हणजे आपल्याकडच्या मिशरीवाल्यांचा वगैरे. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाळांत हा फरक साधारण २०० ग्रॅमचा असतो. साडेतीन किलोच्या इंग्लिश बाळातून २०० ग्रॅम गेले तर ते भागवून नेतं. आपल्याकडे काय स्थिती आहे? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला, तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. अडीच किलोच्या खाली कमी वजनाचं बाळ धरतात. करा वजाबाकी.

हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तू सोडतीयस तर मी पण बघते." त्यांना नाही जमलं. आठवडाभरात डबी तांदळाच्या पिंपात सापडली. "मला नाही होत बाई," म्हणाल्या, सरळ. मला त्यांचा राग आला नाही. निदान त्यांनी मला व्याख्यान दिलं नव्हतं, आणि त्यानंतर मिशरी लावायला त्या मी उठायच्या आधी गच्चीवर जायला लागल्या, गुडघे दुखत असताना. तलफ आली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. त्या काहीतरी निवडायला पुढ्यात टाकायच्या, मेथी, गवार, कधी नुसते तांदूळ. तलफ चार-पाच मिनिटांची असते. तेवढा वेळ हात गुंतलेले असले की ती जाते. परत येते, पण जाते. तोंडात आवळा किंवा बडीशेप. सकाळचा चहा मी बंदच केला, कारण चहा घेतला की दुसऱ्या हाताला काहीतरी कमी आहे असं वाटायचं. ऑफिसात टपरीवाल्या मैत्रिणींना सांगून टाकलं की जेवण झाल्यावर मला हाक मारू नका. त्यातल्या एकीने नंतर स्वतःच विचारलं, गोड बातमी का?

आणि नवरा? तो संध्याकाळी आल्यावर माझ्या जवळ येऊन वास घ्यायचा. "ओढली नाहीस ना?" रोज. कुठल्याही बाईला या प्रश्नाचं उत्तर खोटं द्यावंसं वाटेल. मला तर फक्त त्या प्रश्नाच्या रागात जाऊन ओढावीशी वाटायची. त्याने स्वतःची 'कमी' केली. तो आजही कमीच करतोय. मित्रांच्या घरी जेवायला गेलो की मात्र सांगतो, "हिची मी सोडवली." अकरा वर्षं ऐकतेय. तर इथे लेखी देते: माझी सिगारेट मी सोडली, आणि मदत झाली असेल तर ती मिशरी लावणाऱ्या एका म्हातारीची.

तुमच्या उपयोगाचं थोडं. एकदम सोडायची. हळूहळू कमी करणारी माणसं उरलेल्या सिगारेटी जास्त खोल ओढतात, जास्त वेळ धूर धरतात, त्यामुळे सिगारेटी जेवढ्या कमी होतात तेवढं निकोटिन कमी होत नाही. चार-पाच कमी झाल्या म्हणून काहीच फायदा नाही असं नाही, पण 'दोन चालतात' हा आकडा कुठेही लिहिलेला नाही. शेवटच्या सिगारेटनंतर एक-दोन दिवसांत कार्बन मोनॉक्साइड रक्तातून निघून जातो. आणि तुमच्याकडे वेळ आहे. परदेशात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की पंधराव्या आठवड्याच्या आत सोडलेल्या बायकांमध्ये वेळेआधी बाळंतपणाचं आणि बाळ लहान राहण्याचं प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांइतकंच होतं. अकरावा आठवडा म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. पंधरावा उलटून गेला असता तरी हेच सांगितलं असतं, ज्या दिवशी सुटेल त्या दिवसापासून फायदा आहे.

बायकोच्या डॉक्टरांना सांगा. त्या स्वतःहून विचारतीलच असं नाही. आपल्याकडे पहिल्या तपासणीला थायरॉइड विचारतात, शुगर विचारतात, सिगारेट सहसा विचारत नाहीत, बाई ओढत असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नसतं. निकोटिनचं च्युइंग गम मेडिकलमध्ये मिळतं म्हणून परस्पर आणून देऊ नका, गरोदरपणात ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. सोडण्यासाठीच्या गोळ्या, म्हणजे बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन, गरोदरपणात द्यायच्या नाहीत असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. तिथे पहिला उपाय समुपदेशन. व्हेपचा विचारही नको, निकोटिन त्यातही असतं आणि २०१९ पासून देशात ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे. सुगंधी सुपारी तोंडात टाकायला कुणी दिली तर तीही नको, सुपारी स्वतःच वाईट. माझ्या डोहाळजेवणाला तिचा डबा दोनदा माझ्यापुढे आला होता.

मी पडले दिवसाला चार-पाच ओढणारी. तुमची बायको उठल्याबरोबर अंथरुणातच पेटवत असेल, दिवसाला पाकीट संपवत असेल, किंवा आधीपासून डिप्रेशनचं औषध चालू असेल, तर मेथी निवडून भागणार नाही. सरळ डॉक्टर गाठा, आणि ते औषध मनाने बंद करू नका. माझी मुलगी जन्मली तेव्हा वजन चांगलं भरलं, पण एका बाळावरून काही सिद्ध होत नाही हेही मान्य. आणि तुम्ही खरंच ओढत नसाल, तर वरचं निम्मं तुम्हाला लागू नाही, माफ करा.

ओढत असाल तर तुमचा धूरही तिच्या रक्तात जातो, बाळाच्या वजनावर त्याचाही परिणाम होतो, आणि गॅलरीचं दार लोटून घेतल्याने तो थांबत नाही. बाळंतपण झाल्यावरही जपा. गरोदरपणात सोडलेल्या साधारण निम्म्या बायकांना वर्षभरात परत लागते. रात्रीची जागरणं, घरात कोंडल्यासारखं होणं, आणि टेबलावर कुणाचं तरी पाकीट. ते पाकीट कुणाचं असतं ते मी सांगायला नको.

पाकिटावर सरकारी हेल्पलाइनचा नंबर असतो, १८००-११-२३५६, फुकट आहे. माझ्या वेळी तो छापलेला नसायचा. तिच्या हातात देण्याआधी तुम्ही स्वतः लावा, स्वतःसाठी. तिला सांगायचीही गरज नाही, घरात वास यायचा थांबला की तिला कळेल.