चीनने ऑस्ट्रेलियन वाइनवर लावली ती 'जकात' की दुसरं काही?

प्रश्न असा आलाय की "चीनने ऑस्ट्रेलियन वाइनवर २१८ टक्के जकात लावली" हे वाक्य बरोबर आहे का, की आयातशुल्कच म्हणायला हवं, आणि मग टॅरिफ म्हणजे काय.

जकात चूक नाहीये. आपल्याला तो शब्द खटकतो कारण डोळ्यासमोर मुलुंड-दहिसरचा जकातनाका येतो, महापालिकेची जकात, जी मुंबईत २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली. पण शब्द त्याहून खूप जुना आहे. मूळ अरबीत तो धर्मातल्या दानाचा, आपल्याकडे मात्र मालावरचा कर. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या अधिकाऱ्याला कळवलं होतं की गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर भारी जकात बसवा, नाहीतर स्वस्त म्हणून व्यापारी तिकडेच जातील आणि आपलं कोकणातलं मीठ पडून राहील. म्हणजे परमुलखातल्या मालावरचा कर हा अर्थ जकातीत निदान साडेतीनशे वर्षांपासून आहे, मला तर तो शब्द परत वापरात आलेला आवडेल.

बातम्यांतलं टॅरिफ म्हणजे आयातशुल्कच, पण शब्दाचा अर्थ खरं तर दरपत्रक, म्हणून मोबाइलचं पण टॅरिफ असतं. आणि गंमत बघा, तोही मूळचा अरबीच, 'कळवणे, ओळख करून देणे' या अर्थाच्या शब्दावरून इटालियनमार्गे इंग्रजीत गेलेला. आपली तारीफ आणि मार्फत त्याच धातूतले, त्यामुळे टॅरिफ आणि तारीफ चक्क भावंडं आहेत!

आता तुमच्या वाक्याकडे. २०२० च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाने कोव्हिड कुठून आला याची स्वतंत्र चौकशी मागितली, चीन भडकला, मे महिन्यात बार्लीवर ८०.५ टक्के लागले आणि मार्च २०२१ मध्ये वाइनवर कंपनीप्रमाणे साधारण ११६ ते २१८ टक्के. दोघांत २०१५ पासून मुक्त व्यापार करार असूनही! पण चीनने कागदावर त्याला नुसतं आयातशुल्क म्हटलं नव्हतं, अँटी-डम्पिंग शुल्क म्हटलं होतं, म्हणजे 'तुम्ही घरच्यापेक्षा कमी भावात माल आमच्याकडे ओतताय' असा त्यात थेट आरोप आहे. ऑस्ट्रेलियाने तो मानला नाही, जागतिक व्यापार संघटनेत गेले, शेवटी बार्लीवरचं ऑगस्ट २०२३ मध्ये आणि वाइनवरचं मार्च २०२४ मध्ये उठलं. म्हणून मथळ्यात जकात खुशाल लिहा पण आत एकदा तरी अँटी-डम्पिंग शुल्क यायलाच हवं, नाहीतर भांडण कशावरून होतं तेच वाचणाऱ्याला कळणार नाही. सरकारी हिंदीतलं 'पाटनरोधी' कृपया आणू नका, आपल्याला पाटण म्हटलं की साताऱ्याकडचं गाव आठवतं.

आणि याच भांडणात चीनने अडवलेल्या ऑस्ट्रेलियन कोळशाचं लिहिताना यातला एकही शब्द चालत नाही. तिथं शुल्क लावलं नाही, बंदीही कधी जाहीर केली नाही, नुसती जहाजं बंदराबाहेर उभी ठेवली. त्यातलं 'जग आनंद' हे आपल्याकडचं जहाज, २३ भारतीय खलाशी, ऑस्ट्रेलियन कोळसा घेऊन जून २०२० पासून चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर, ना माल उतरवू देत ना माणसं बदलू देत, जानेवारी २०२१ मध्ये जपानला गेले तेव्हा सुटले. बातम्यांत 'अघोषित बंदी' लिहितात. माझ्या मते याला मराठीत नेमका शब्द आहे, अडवणूक.